स्वयंसेवकांचा गट आणि धर्मादाय नोंदणी

प्रश्न : वस्तीतील मुलांसाठी अभ्यासिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाने देणग्या गोळा करण्यापूर्वी नोंदणी करावी का?

उत्तर : केवळ वेळ आणि श्रम देणाऱ्या गटाला नोंदणीचे बंधन नसते, मात्र लोकांकडून पैसा घेतला जाऊ लागला की तो पैसा समाजाचा ठरतो आणि त्याचा हिशेब देण्याचे उत्तरदायित्व निर्माण होते. गणेशोत्सवासारख्या तात्पुरत्या कारणासाठी वर्गणी गोळा करताना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. अभ्यासिकेसारखे कायमस्वरूपी कार्य असेल, तर किमान 7 सदस्यांनी संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली संस्था स्थापन करणे किंवा विश्वस्तपत्र, म्हणजे उद्देश व विश्वस्तांचे अधिकार नमूद करणारा दस्तऐवज, तयार करून न्यासाची नोंदणी करणे हे अधिक योग्य ठरते. महाराष्ट्रात अशा संस्थेलाही 1950 च्या अधिनियमाखाली सार्वजनिक न्यास म्हणून नोंद करावी लागते.

नोंदणीनंतर वार्षिक लेखापरीक्षण, विश्वस्त बदलल्यास 'बदल अर्ज' आणि स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी ही बंधने येतात. परंतु याच शिस्तीमुळे देणगीदाराचा विश्वास दृढ होतो आणि कार्य एखाद्या व्यक्तीच्या उत्साहावर अवलंबून न राहता पुढील पिढीकडे सोपवता येते. म्हणून पहिल्या रुपयापासून पावती देणे आणि गटाच्या नावाने बँक खाते ठेवणे, हीच स्वयंसेवेची खरी पायाभरणी होय.