कानांनी वाचलेली पुस्तके
(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)

‘मी अमुक पुस्तक ऐकले’ असे म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर थोडे हसू उमटते. पुस्तक वाचायचे असते, ऐकायचे ते गाणे, अशी आपली रूढ समजूत आहे. गेल्या वर्षभरात मी मोबाइलवर बरीच पुस्तके ऐकली. निरनिराळ्या वाङ्मयप्रकारांतली ही पुस्तके ऐकताना मनात जे विचार आले ते सहाध्यायांपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ऐकणे हे वाचन आहे काय, कोणते साहित्य कानाला मानवते आणि हा सारा खटाटोप नेमका कुणासाठी, हे तीन प्रश्न त्या अनुषंगाने तपासता येतील.

परंपरा श्रवणाची

या समजुतीचा विचार नगर जिल्ह्यात राहून करणे मोठे गमतीचे आहे. प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी गीतेवर जे निरूपण केले ते समोर बसलेल्या श्रोत्यांना उद्देशून होते. ते उतरवून घेतले सच्चिदानंदबाबांनी. सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ आधी कानांवर पडला आणि मग पोथीत आला. त्यात ‘वाचकहो’ अशी हाक सापडायची नाही. श्रोत्यांशी मात्र पदोपदी संवाद आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी तर ज्ञानदेव श्रोत्यांजवळ एकच गोष्ट मागतात, ती म्हणजे अवधान. महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ घेतले तरी तेच दिसते. चक्रधरस्वामींचे शब्द ज्यांनी ऐकले होते त्यांच्या आठवणी म्हाइंभटाने गोळा केल्या, म्हणून तो ग्रंथ झाला.

याउलट मराठी मुद्रणाचे वय जेमतेम सव्वादोनशे वर्षांचे. विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला (आपल्या नव्हे, बंगालमधल्या) छापले गेले ते १८०५ मध्ये. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी काळ बहुसंख्य मराठी माणसांना ग्रंथ भेटले ते पुराणिकाच्या, कीर्तनकाराच्या आणि श्रावणात पोथी लावणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून. तेव्हा पुस्तक ऐकणे हे नवे खूळ म्हणता येणार नाही. खंडित झालेली सवय पुन्हा जडली आहे, इतकेच.

यंत्राचा इतिहासही उद्बोधक आहे. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे जे उपयोग त्याने सांगितले त्यांत अंधांसाठी बोलणारी पुस्तके होती. ती प्रत्यक्षात यायला १९३० नंतरचा काळ उजाडला. इंग्लंडमध्ये १९३५ साली अंधांसाठी अशा ग्रंथांची योजना सुरू झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेले सैनिक हे तिचे एक मोठे कारण होते. आपल्याकडे आधी आकाशवाणीवरील वाचने, मग कथाकथनाच्या कॅसेटी आणि आता मोबाइल, असा हा प्रवास आहे. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ मध्ये भारतात आली तेव्हा तिच्या पहिल्या भाषांत मराठी होती. यंत्र जन्मले तेव्हा ज्यांचा विचार झाला होता ते अंध वाचक आज कुठे आहेत, याकडे मी लेखाच्या शेवटी वळणार आहे.

विनोद

सुरुवात सर्वांच्या परिचयाच्या आवाजाने करतो. पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ आणि ‘अंतू बर्वा’ ही स्वतः त्यांनी केलेली कथने मी ऐकली. ‘व्यक्ती आणि वल्ली’ पूर्वी वाचलेले होतेच. पण आम्हा देशावरच्या माणसांना कोकणी हेल अक्षरांत दिसत नाही. अंतूशेटच्या वाक्यातली खोच वाचताना कळली होती. ते वाक्य कुठे रेंगाळते आणि कुठे तोडून टाकलेले असते, हे कानांनीच समजले. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पु. ल. हशा ओसरेपर्यंत थांबतात आणि तो पुरता विरण्यापूर्वी पुढचे वाक्य टाकतात. या थांबण्यासाठी लिपीत चिन्ह नाही. विनोदाचे निम्मे व्याकरण हे मौनाचे व्याकरण आहे, असे मला वाटते. मात्र यातला एक धोका सांगितला पाहिजे. लेखकाचाच आवाज एकदा कानात बसला की पुढे छापील पुस्तक उघडले तरी तोच आवाज वाचू लागतो, आणि आपल्या मनातला अंतूशेट कायमचा निघून जातो.

पौराणिक कादंबरी

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) ऐकायला मला जवळजवळ दोन महिने लागले. महाविद्यालयात येण्याजाण्यात रोज एस. टी.त दीड तास जातो, तो या कामी आला. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या निवेदनांतून ही कादंबरी उलगडते. प्रत्येक जण ‘मी’ म्हणून बोलतो, त्यामुळे ती कानांसाठीच लिहिली असावी असे वाटत राहते. वर्गात आपण जिला अलंकारप्रचुर शैली म्हणून नावे ठेवतो, ती ऐकताना ओझे होत नाही. कीर्तनातल्या पूर्वरंगासारखी ती वाहत जाते. अडचण निराळीच होते. पुस्तकात निवेदक बदलला की नवे पान आणि ठळक मथळा दिसतो. ऐकताना नेमके त्याच क्षणी कंडक्टर सुट्या पैशांसाठी वाद घालू लागला की पुढचे अर्धे प्रकरण ‘हे बोलतो आहे कोण?’ या संभ्रमात जाते.

चरित्र

वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) मी दिवाळीच्या सुट्टीत गावी ऐकले, आणि एकट्याने ऐकले नाही. कांद्याची प्रतवारी चालू होती. हात गुंतलेले आणि कान मोकळे, अशी ती कामे. मोबाइल उपड्या पाटीवर ठेवला आणि आजी, चुलते, कामावरच्या दोघी बायका असे सगळेच ऐकू लागले. गुलामीत जन्मलेला एक कृष्णवर्णीय मुलगा शास्त्रज्ञ होतो, टस्कीगीला जातो, कापसाने नापीक झालेल्या जमिनीत भुईमूग घ्यायला सांगतो, शेतकऱ्याला शाळेत येणे जमत नाही म्हणून १९०६ मध्ये घोडागाडीवर फिरती शाळा काढतो, हे ऐकताना आमच्या चुलत्यांनी मध्येच यंत्र थांबवायला लावले. “बेवड करायला सांगतोय की हा. आपण उसावर ऊस घेतो ते काय मग?” राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ पासून आमच्या शेजारी आहे, पण त्या दिवशीची पिकांच्या फेरपालटीवरची चर्चा ज्या रंगाने झाली तशी मी पूर्वी ऐकली नव्हती. आजीला अक्षरओळख नाही. तिने संध्याकाळी एवढेच विचारले, “त्या पोराची आई सापडली का रे पुढं?” ग्रंथ सामुदायिक होतो म्हणजे काय होते, हे त्या चार दिवसांत मला समजले. छापील पुस्तक एका वेळी एकाच्याच मांडीवर राहते.

भयकथा

नारायण धारपांच्या भयकथा मी वसतिगृहातल्या मित्राकडे रात्री ऐकल्या. येथे श्रवणाचे सामर्थ्य आणि श्रवणाचा तमोगुण दोन्ही कळले. वाचताना आपला डोळा चोर असतो. तो पानाच्या तळाशी जाऊन पुढे काय होणार ते हळूच पाहून येतो आणि निर्धास्त होतो. कानाला ही सोय नाही. दार उघडायला निवेदक जितका वेळ घेईल तितका वेळ आपण दारापाशी उभे. परंतु पार्श्वसंगीताचा सोस असला की सारे बिघडते. भीतीच्या आधीच वाद्ये वाजू लागली तर भीती सावध होते. धारपांच्या भाषेतल्या साध्या, घरगुती वाक्यांना संगीताची गरज नाही.

कथामाला

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ शेवटी घेतो. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक प्रकरणांत विभागलेले नाही, रात्रींत विभागलेले आहे. श्याम मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. रोज झोपण्यापूर्वी एकच रात्र ऐकायची, असा नेम मी केला. शाळकरी वयात जे पुस्तक रडवणारे म्हणून आठवत होते ते आता सांगणाऱ्याचे पुस्तक वाटले. ऐकणारे मित्र समोर आहेत म्हणून श्याम सांगू शकतो, हे कानांनी वाचल्यावाचून मला जाणवले नसते.

काय हरवते

एवढे गुण गायिल्यावर उणी बाजूही मांडली पाहिजे. ऐकलेल्या पुस्तकात खूण करता येत नाही, समासात प्रश्नचिन्ह काढता येत नाही. समीक्षेचा एक ग्रंथ मी ऐकून पाहिला. दोन वाक्यांपूर्वीचा ‘तो’ म्हणजे कोण, हे शोधायला तीनदा मागे गेलो आणि अखेर ग्रंथालयातून छापील प्रत आणली. विचारप्रधान गद्य डोळ्यांना मागेपुढे फिरू देते. आवाज एकाच दिशेने चालतो. शिवाय वाचणारा चांगला असला तरी तो अर्थ लावूनच वाचतो. कोणत्या शब्दावर जोर द्यायचा हा निर्णय त्याचा असतो, आणि तो आपल्याला तयार मिळतो. म्हणून ज्यांना दोन्ही वाटा मोकळ्या आहेत त्यांनी दोन्ही वापराव्यात, असे माझे मत झाले. कथन कानांनी घ्यावे, विवेचन डोळ्यांनी.

ज्यांना एकच वाट आहे

पण ज्यांना एकच वाट मोकळी आहे त्यांचे काय? आमच्या वर्गात एक दृष्टिहीन मैत्रीण आहे. मी हौसेने ऐकतो ते ती गरज म्हणून ऐकते. वर उल्लेखिलेली बहुतेक पुस्तके तिनेच मला सुचविली. एकदा ती म्हणाली, “कर्ण आहे, भुतं आहेत, सगळं आहे रे. फक्त आपल्या पेपरला लावलेलं पुस्तक नाही.” बाजारात जे खपते त्याचे ध्वनिमुद्रण होते; अभ्यासक्रमातले पुस्तक त्यात बसत नाही. परीक्षेत तिला लेखनिक मिळतो. पण लेखनिक उत्तर लिहून देईल; मूळ ग्रंथ तिने कुठून वाचावा?

कायदा येथे आड येत नाही, उलट मदत करतो. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अपंग व्यक्तींच्या वापरासाठी, नफा न घेता, पुस्तकाचे त्यांना सुलभ असे रूप तयार करण्यास परवानगी मिळाली. याच विषयावरील २०१३ च्या माराकेश कराराला संमती देणारा पहिला देश भारत होता. शासनाच्या साहाय्याने ‘सुगम्य पुस्तकालय’ हा जालावरील संग्रह २०१६ मध्ये सुरू झाला. वाट आहे, तिच्यावर मराठी पाठ्यग्रंथ आणून ठेवायला माणसे हवीत.

म्हणून आम्ही पाच जणांनी यंदा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून ध्वनिमुद्रित करायला घेतली. निवडीमागे दोन कारणे होती. नगर आणि राहुरी या पुस्तकात आपल्या घरासारखी येतात. आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईची भाषा बोलण्याचीच भाषा आहे. पहिल्या दिवशी आमच्यातली एक जण दुःखाच्या प्रसंगी आवाज कापरा करून वाचू लागली. मैत्रिणीने तिला थांबवले. “तू रडू नकोस गं, नुसतं वाच. रडायचं की नाही ते मी ठरवीन.” वाचकाचे स्वातंत्र्य म्हणजे काय, यावर इतके नेमके विवेचन मी कोणत्याही समीक्षाग्रंथात वाचलेले नाही. लक्ष्मीबाई स्वतः दुःख सांगताना ज्या अलिप्त मिस्किलपणे सांगतात त्याच्याशीही तिची सूचना किती जुळते! त्यानंतर आम्ही तिच्याकडूनच नियम घेतले : पंखा बंद करायचा, एका मुद्रणात वीस मिनिटांहून अधिक वाचायचे नाही, आरंभी प्रकरण आणि पृष्ठांक सांगायचा, कारण उत्तरात संदर्भ द्यावा लागतो, तळटीप जिथे येते तिथेच ‘टीप’ असे म्हणून वाचायची, विशेषनाम अपरिचित असले तर त्याची अक्षरे फोडून सांगायची. हे नियम पाळून वाचताना आमचेही वाचन सुधारले. डोळे ज्यावरून घसरत जातात अशी वाक्ये मोठ्याने वाचताना पायात येतात आणि मग ती समजून घ्यावीच लागतात.

समारोप

आरंभीच्या तीन प्रश्नांकडे पाहता मला मिळालेली उत्तरे अशी. अवधान असेल तर ऐकणे हे वाचनच आहे. अवधान नसेल तर पुस्तक डोळ्यांपुढे धरूनही ते वाचन नव्हे. जे साहित्य मुळात सांगण्यातून जन्मले ते कानाला मानवते. जे युक्तिवादाने उभे आहे ते कागद मागते. आणि हा खटाटोप ज्याला वेळ घालवायचा आहे त्याच्यासाठी आहेच, पण त्याहून अधिक तो माझ्या आजीसाठी आणि आमच्या मैत्रिणीसाठी आहे.

पुढील वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि आमच्या अध्यापकांना एक विनंती करून थांबतो. आमची ‘स्मृतिचित्रे’ अजून अर्ध्यावरही आलेली नाहीत आणि आम्ही यंदा येथून बाहेर पडणार. ग्रंथालयात एक शांत खोली, एक साधा ध्वनिग्राहक आणि आठवड्याला प्रत्येकी वीस मिनिटे एवढ्यावर हे काम चालू राहू शकते. पदवीच्या प्रत्येक वर्षाला लावलेले एकेक पुस्तक जरी दरवर्षी मुद्रित झाले तरी तीन वर्षांत एक लहानसा संग्रह उभा राहील. ज्या जिल्ह्यात एकाने सांगितले आणि दुसऱ्याने उतरवून घेतले म्हणून मराठीला तिचा थोर ग्रंथ मिळाला, तेथे एकाने वाचावे आणि दुसऱ्याने ऐकावे ही अपेक्षा फार मोठी नाही.