अलास्काचें निशाण

चैत्र-वैशाखांतील निरभ्र रात्रीं उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. सप्तर्षी सहज दिसतील. त्यांतील पुलहापासून क्रतूकडे काढलेली रेषा तशीच पुढें वाढविली म्हणजे ती ध्रुवाजवळ जाऊन पोंचते. हेंच चित्र अमेरिकेंतील अलास्का संस्थानाच्या निशाणावर आहे. आणि तें काढणारा सातव्या इयत्तेंतील एक मुलगा होता.

अलास्का प्रांत अमेरिकेनें १८६७ सालीं रशियाकडून ७२ लक्ष डॉलरांस विकत घेतला. पुढें सुमारें साठ वर्षें त्याला स्वतःचें निशाण नव्हतें. अखेर माजी सैनिकांच्या एका संस्थेनें शाळांतील मुलांकडून नमुने मागविले. कोणी पांढरीं अस्वलें काढलीं, कोणी सोनें खणणारे, कोणी मध्यरात्रींचा सूर्य. आमच्या चित्रकलेच्या तासालाहि असेंच होतें; कागदावर रिकामी जागा दिसली कीं ती भरल्यावांचून मुलांना चैन पडत नाहीं!

बेनी बेन्सननें मात्र जागा रिकामी ठेविली. त्याची आई लहानपणींच वारली होती, घर आगींत गेलें होतें, आणि कोळ्याचा धंदा करणाऱ्या बापाला मुलें सांभाळणें अशक्य झाल्यामुळें बेनी व त्याचा भाऊ मेथॉडिस्ट मिशनच्या अनाथगृहांत वाढत होते. रोज निजण्यापूर्वीं तो आकाशांत हे सात तारे शोधी. निळ्या कापडावर सोनेरी सप्तर्षी व ध्रुव, एवढेंच त्यानें काढलें आणि सोबत अर्थ लिहिला: निळा रंग आकाशाचा, तसाच तेथील एका रानफुलाचा, ध्रुव म्हणजे सर्वांत उत्तरेचें भावी संस्थान, सप्तर्षी म्हणजे मोठें अस्वल, बळाचें चिन्ह. त्या फुलाच्या इंग्रजी नांवाचा अर्थ आहे ‘मला विसरूं नको’. पोरक्या मुलाला नेमकें तेंच फूल आठवावें, हें वाचून माझें मन क्षणभर थबकलें.

साधेपणा, स्वतंत्र कल्पना व अर्थपूर्णता या गुणांसाठीं विधिमंडळानें २ मे १९२७ रोजीं हा नमुना स्वीकारला, आणि ९ जुलैस तें निशाण त्याच अनाथगृहावर प्रथम फडकलें. बेनीला सोन्याचें घड्याळ व १००० डॉलर मिळाले. ते पैसे पुढें डिझेल यंत्रांचें शिक्षण घेण्यास उपयोगी पडले.

त्या कायद्यांत एक धीट वाक्य होतें. अलास्का केव्हां तरी राष्ट्रध्वजावरील एकोणपन्नासावा तारा होईल, असें त्यांत लिहिलें होतें. त्या वेळीं राष्ट्रध्वजावर ४८ तारे होते. ३ जानेवारी १९५९ रोजीं अलास्का खरोखरच ४९ वें संस्थान झालें व त्याच वर्षीं ४ जुलैपासून राष्ट्रध्वजावर ४९ तारे आले. बेनी तेव्हां कोडिअ‍ॅक बेटावर विमानें दुरुस्त करण्याचें काम करीत होता.