मुलांच्या हाती यंत्र देणारे प्राध्यापक : वुडी फ्लॉवर्स

घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत एक पोकळ गोळा तरंगत असतो. पाणी चढले की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी उतरले की गोळा खाली जातो आणि नळ पुन्हा उघडतो. घडलेला परिणाम मोजावयाचा, इष्ट परिणामाशी तो ताडून पाहावयाचा आणि पडलेल्या फरकानुसार पुढील कृती सुधारावयाची, हे नियंत्रण प्रणालीचे मूळ सूत्र होय. तंत्रज्ञ यास ‘फीडबॅक’ म्हणतात. विमानाच्या उड्डाणापासून वीजनिर्मिती केंद्रापर्यंत सर्वत्र हेच सूत्र राबत असते. या सूत्राच्या आधारे कृत्रिम पायाच्या संशोधनात मोलाची भर घालणारे आणि पुढे आपले लक्ष शालेय विद्यार्थ्यांकडे वळविणारे अमेरिकन प्राध्यापक म्हणजे वुडी फ्लॉवर्स.

गुडघ्याचा प्रश्न

फ्लॉवर्स यांचा जन्म १९४३ साली लुइझियाना राज्यातील जेना या लहानशा गावी झाला. वडील वेल्डर होते. लुइझियाना टेक येथून १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एम. आय. टी., या संस्थेत दाखल झाले. प्रा. रॉबर्ट मान यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९७३ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता मांडीपासून पाय गमावलेल्या व्यक्तीचे चालणे. अशा व्यक्तीचा गुडघाही गेलेला असतो. त्याच्या जागी साधी बिजागरी बसविली, तर चालण्याचा वेग वाढताच पोटरीचा भाग मागे अधिक उचलला जातो आणि पुढे येण्यास विलंब लागतो. भार पडताना गुडघा अवचित दुमडला, तर माणूस कोसळतो. नैसर्गिक गुडघ्याचे स्नायू मात्र क्षणाक्षणाला आपला ताण बदलीत असतात. कृत्रिम गुडघ्याला हे कसे शिकवावे?

प्रत्येक नव्या कल्पनेसाठी नवा पाय घडविणे वेळखाऊ आणि खर्चिक होते. म्हणून फ्लॉवर्स यांनी एक प्रायोगिक पाय तयार केला. त्याच्या गुडघ्याचा विरोध बाहेर ठेवलेल्या संगणकाच्या आज्ञेने कमीअधिक होत असे. पाय तोच ठेवून केवळ आज्ञावली बदलली, की निरनिराळ्या यंत्ररचनांची परीक्षा घेता येई. आणि ती परीक्षा प्रत्यक्ष तो पाय लावून चालणारी व्यक्तीच करीत असे. या नियंत्रकाची माहिती मान व फ्लॉवर्स यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. धडधाकट पायाची हालचाल नोंदवून तीच किंचित उशिरा कृत्रिम पायाकडून करवून घेण्याची कल्पनाही त्यांनी सहकाऱ्यांसह त्याच सुमारास अभ्यासली. संगणक-नियंत्रित गुडघे १९९०च्या दशकात बाजारात आले. त्यांच्यामागे अशा प्रयोगशाळांतील दीर्घ परिश्रम होते.

वर्गातील चुरस

याच काळात एम. आय. टी.मधील यंत्ररचनेचा प्राथमिक अभ्यासक्रम फ्लॉवर्स यांनी नव्याने घडविला. प्रत्येक विद्यार्थ्यास किरकोळ वस्तूंचा सारखाच संच दिला जाई आणि त्यातून नेमून दिलेले काम करणारे यंत्र त्याने स्वतः बनवावयाचे असे. अखेरीस ही यंत्रे परस्परांविरुद्ध उतरत आणि प्रेक्षागृह गजबजून जाई. कागदावर निर्दोष दिसणारे यंत्र प्रत्यक्षात अडखळले, की त्याचे कारण विद्यार्थ्यालाच शोधावे लागे. करून पाहणे, फसणे, मोजणे आणि सुधारणे हा क्रम अशा रीतीने नियंत्रण प्रणालीतून अध्यापनातही उतरला.

शाळेच्या दारी

हाच अनुभव शाळकरी मुलांपर्यंत नेण्याची संधी पुढे लाभली. संशोधक डीन केमेन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली. तिच्या स्पर्धेच्या आखणीत फ्लॉवर्स आरंभापासून सहभागी होते. पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांनिशी झाली. संघातील मुलांनी अभियंत्यांच्या साहाय्याने अवघ्या काही आठवड्यांत यंत्रमानव उभा करावयाचा, अशी योजना होती. २००३ पासून सामन्याच्या आरंभीचे १५ सेकंद यंत्रमानवाने मानवी आज्ञेवाचून, आज्ञावली आणि संवेदक यांच्या आधारे चालावे असा नियम आला आणि टाकीतील गोळ्याचे सूत्र विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामाचा भाग झाले.

चुरस तीव्र असावी, परंतु प्रतिस्पर्ध्याला साहाय्य करण्यात कमीपणा मानू नये, असा फ्लॉवर्स यांचा आग्रह असे. यासाठी त्यांनी रूढ केलेला ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ हा शब्दप्रयोग त्या चळवळीचे ब्रीद ठरला. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९९६ पासून दिला जातो. तो विजेत्या यंत्रास नसून संघाला मार्ग दाखविणाऱ्या मार्गदर्शकास असतो, हे लक्षणीय आहे.

प्रशिक्षण आणि शिक्षण

प्रशिक्षण आणि शिक्षण यांत फ्लॉवर्स स्पष्ट भेद करीत. गणिताच्या रीती शिकणे हे प्रशिक्षण. त्या रीती वापरून विचार करावयास शिकणे हे शिक्षण. पहिले कार्य नव्या माध्यमांवर सोपविता येईल, दुसऱ्यासाठी मात्र माणसाचा सहवास हवा, असे त्यांनी २०१२ मध्ये आपल्याच संस्थेच्या दूरशिक्षण योजनेची चिकित्सा करताना मांडले. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांचे निधन झाले.

केमेन यांच्याच पुढाकाराने २०१७ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत मुंबईच्या विद्यार्थ्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. आपल्या देशात २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांद्वारे सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना संवेदक, मोटारी आणि इतर साधने उपलब्ध होत आहेत. परंतु साधनसामग्री कपाटात कुलूपबंद राहिली, अथवा मोडेल या भीतीने मुलांच्या हाती दिलीच नाही, तर तिचा उपयोग काय? यंत्र बिघडेल, हे गृहीत धरून ते विद्यार्थ्याच्या हाती देणारा आणि बिघाडाचे कारण त्यालाच शोधू देणारा शिक्षक गावोगावच्या शाळांतून पुढे आला पाहिजे. फ्लॉवर्स यांच्या कार्यापासून घ्यावयाचा बोध हाच आहे.