केळ्यांत बीं कां धरत नाहीं?

रानकेळ फोडली तर आंत काळें, टणक बीं सांपडतें. मळ्यांतल्या केळ्यांत तें नाहीं. यांत जादू नसून हिशेबाची अडचण आहे, व ती समजण्यास प्रथम पेशीची वाटणी पाहिली पाहिजे.

कांद्याच्या मुळाचें टोंक रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें, तर वाढत्या पेशींत दोऱ्याच्या तुकड्यांसारखीं गुणसूत्रें दिसतात. कांद्यांत तीं १६ असतात. पेशी दुभंगण्यापूर्वीं प्रत्येकाची हुबेहूब नक्कल होते. वाटणीआधीं दप्तराची दुसरी प्रत करून ठेवावी तसें. मूळ व नक्कल एका ठिकाणीं जोडलेलीं राहतात. मग पेशीच्या दोन टोंकांकडून सूक्ष्म धागे येऊन त्यांस धरतात. धाग्यांची ही रचना चातीसारखी, मध्यें फुगीर असते. दोन्हीकडून ओढ सारखी झाली कीं सर्व जोड्या मध्यावर एका रांगेंत येतात. एखादीस एकाच बाजूनें धागा लागला असेल तर वाटणी खोळंबते. असा चोख कारभार आम्हीं माणसांच्या वाटण्यांत क्वचितच पाहिला! सर्व जुळल्यावर सांधे सुटतात व प्रत्येक टोंकास १६ गुणसूत्रें जातात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनीं १८८२ सालच्या ग्रंथांत या क्रमाचें वर्णन केलें.

पराग व बीजांड तयार होतांना मात्र निराळी रीत आहे. तेथें आईकडील व बापाकडील गुणसूत्रें जोडीनें उभीं राहून एकेक बाजूस जातात. ज्वारीच्या २० चीं १० होतात. रानकेळींत २२ आहेत, म्हणून ११ जोड्या नीट लागतात. लागवडीच्या बहुतेक केळींत ३३ आहेत, म्हणजे प्रत्येक जातीचीं तीन. तिघांची जोडी कशी लावावी? वाटणी विषम होते, पराग व बीजांड निकामी ठरतात. गर मात्र फलनावांचून भरतो, हा केळीचा वेगळा गुण.

म्हणून लागवड मुनव्यांनीं. मुनवा पहिल्या रीतीच्या वाटणीनें वाढतो, त्यामुळें तो आईची नक्कलच. उत्तम झाडाचा गुण टिकतो हा लाभ. परंतु एका झाडास जी बुरशी मारते, ती सर्व मळ्यास मारूं शकते. मध्य अमेरिकेंतील ग्रो मिशेल जातीचे मळे पनामा रोगानें असेच गेले, व १९६० च्या सुमारास तेथें कॅव्हेंडिश जात आली. आपली बसराई त्याच कुळांतली; आणि त्या रोगाची टीआर ४ ही नवी जात कॅव्हेंडिशलाही सोडीत नाहीं. यास्तव पानें अकालीं पिवळीं पडलेल्या केळीचा बुंधा चिरून पाहावा. आंत तांबूस रेषा दिसल्यास त्या मळ्यांतील मुनवा, तो कितीही जोमदार दिसो, लागणीस घेऊं नये.