एक घर, एक चूल
(आरोग्यविषयक पाठ : पतिपत्नीने आहार व व्यायाम कसा पालटावा)

पुष्कळ घरी असे घडते. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासले जाते आणि यजमानाच्या रक्तात साखर वाढली आहे असे कळते. डॉक्टर सांगतात, भात कमी करा, चहातील साखर सोडा, रोज चालावयास जा. घरी आल्यावर पत्नी त्याच्यापुरती निराळी भाकरी व निराळी भाजी करू लागते; ती स्वतः व मुले पूर्वीप्रमाणेच जेवतात. पंधरा दिवस हा क्रम चालतो. मग पेरणी येते किंवा लग्नसराई येते, दोन स्वयंपाक करावयास सवड राहत नाही, आणि पथ्य सुटते. लोक म्हणतात, ह्याच्या अंगी निग्रहच नाही. परंतु नीट पाहिले असता दोष निग्रहाचा कमी व योजनेचा अधिक आहे. जेथे चूल एक, तेथे पथ्यही एकच असावयास पाहिजे.

हे केवळ आमचे मत नव्हे. इंग्लंडात पन्नाशी ओलांडलेल्या ३,७२२ जोडप्यांची अनेक वर्षे पाहणी करून तिचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या आळशी पुरुषांच्या पत्नीने त्याच काळात चालणेफिरणे सुरू केले, त्यांपैकी शेकडा ६७ जण स्वतःही हालचाल करू लागले. जेथे पत्नी बसून राहिली, तेथे शेकडा २६ जणच उठले. स्त्रियांच्या बाबतीतही जवळजवळ असेच आढळले. ह्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जोडीदार आधीपासूनच नियमाने वागणारा असला तर त्याचा जेवढा उपयोग होतो, त्याहून अधिक उपयोग दोघांनी एकाच वेळी आरंभ केल्याने होतो. तेव्हा जो सुधारला आहे त्याने दुसऱ्यास उपदेश करीत बसण्यापेक्षा दोघांनी मिळून पहिले पाऊल टाकणे बरे.

आता आहाराकडे वळू. गहू, भात किंवा ज्वारी ह्यांचा कोणताही दाणा घ्या. त्याचे तीन भाग असतात. बाहेरचे आवरण तो कोंडा, एका टोकाशी असतो तो अंकुर, आणि बाकीचा मोठा पांढरा भाग तो गाभा. गाभ्यात मुख्यतः पिष्ट असते. तंतू, लोह व ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्वे ह्यांचा मोठा वाटा कोंड्यात व अंकुरात असतो. अंकुरात तेल असल्यामुळे सबंध दाण्याचे पीठ लवकर खवट होते. व्यापाऱ्यास तर महिनेच्या महिने टिकणारे पीठ हवे असते. म्हणून मोठ्या गिरण्यांत अंकुर व कोंडा काढून टाकतात, आणि उरतो तो मैदा. पाव, खारी, टोस्ट व बिस्किटे बहुतेक ह्याचीच होतात. तांदळालाही असेच घासून पांढराशुभ्र करतात. म्हणजे जे पोषक ते गुरांच्या दाणीत जाते, आणि जे दिसावयास सुंदर ते ताटात येते.

ह्याचा परिणाम काय होतो हे प्रथम कोंबड्यांनी शिकविले, असे म्हटल्यास चालेल. १८९० सालाच्या सुमारास जावा बेटातील बटाविया शहरी, ज्यास आता जकार्ता म्हणतात, क्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी ह्या रोगाचा शोध करीत होते. त्यांच्या कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. चौकशीअंती कळले की, त्यांस लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. पुढे नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांस देणार नाही, असे तो म्हणाला. मग त्यांस साधा असडीक तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या! पांढऱ्या भातात काही विष असावे असा आइकमन ह्यांचा प्रथम तर्क होता. १९०१ साली त्यांचे सहकारी गेरित ग्रिन्स ह्यांनी खरा उलगडा केला की, भातात काही वाईट आले होते असे नव्हे, तर काही चांगले निघून गेले होते. ते म्हणजे ‘ब-१’ जीवनसत्त्व. आइकमन ह्यांस १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या स्वयंपाक्याचे नाव मात्र कोणी घेत नाही.

आमच्या कोकणात व गोव्यात जो उकडा तांदूळ खातात, त्याची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. साळ उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्व काही अंशी आतल्या दाण्यात मुरते. म्हणून मग साळ सडली तरी ते सर्व जात नाही. ज्यांस हातसडीचा तांदूळ मिळत नाही त्यांनी उकडा घ्यावा.

आपल्या देशातही ह्या विषयावर मोलाचे काम झाले आहे. निलगिरीतील कुन्नूर येथे डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन ह्यांनी उंदरांचे गट करून एकेका गटास हिंदुस्थानातील एकेका लोकसमूहाचा आहार दिला. शिखांचा आहार, म्हणजे सबंध गव्हाची चपाती, दूध, लोणी, डाळ व पालेभाजी, ज्यांस मिळाला ते उंदीर सरासरी २३५ ग्रॅम वजनाचे झाले. मराठ्यांच्या आहारावरचे २२५ ग्रॅम भरले. मद्रासकडील भाताच्या आहारावरचे अवघे १५५ ग्रॅम. मराठी वाचकास हे आकडे वाचून अभिमान वाटेल. परंतु तो आहार पूर्वीचा होता हे विसरू नये, आणि हेही विसरू नये की माणूस म्हणजे उंदीर नव्हे. शिवाय शिखांच्या ताटात केवळ सबंध गहू नव्हता, दूध व भाजीही होती. नुसती भाकरी चांगली म्हणून मिरचीच्या ठेच्याशी चार भाकरी खाल्ल्या तर ते पूर्ण अन्न होत नाही. कुन्नूरचे हे केंद्र १९५८ साली हैदराबादेस हलले व पुढे राष्ट्रीय पोषण संस्था ह्या नावाने प्रसिद्ध झाले. त्या संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात असे सांगितले आहे की, दिवसाच्या उष्मांकांपैकी शेकडा ४५ हून अधिक धान्यातून येऊ नयेत. आपल्या ताटाकडे पाहावे. त्यात धान्याचा डोंगर व भाजीची टेकडी असते.

तर मग स्वयंपाकघरात काय पालटावे? पीठ मैद्याच्या चाळणीने चाळू नये. खडे व काड्या निघतील एवढीच मोठी चाळण वापरावी. भाताची रास निम्मी करून तिच्या जागी मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ वाढावी. अंबाडी, चाकवत, मेथी, शेवग्याचा पाला, जे बांधावर किंवा बाजारात स्वस्त मिळेल ते रोज असावे. जवसाची चटणी, ताक, मूठभर शेंगदाणे ह्यांस फार पैसा लागत नाही. चहाबरोबरची खारी व बिस्किटे घरात आणूच नयेत, कारण घरात असलेली वस्तू खाल्ली जातेच. मीठ सर्व मिळून दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभर. त्यात पापड व लोणचेही आले. आणि गुळाविषयी जो गैरसमज आहे तो सोडावा. रक्तातील साखर गुळानेही साखरेइतकीच वाढते. रंग पालटल्याने गुण पालटत नाही. हाच न्याय दुकानातील तपकिरी पावास लावावा. तो कित्येकदा रंगविलेला मैदा असतो, म्हणून वेष्टनावर काय छापले आहे ते वाचून घ्यावे.

येथे एक गोष्ट पतींस स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे पत्नी शेवटी जेवते. ताजी उसळ व भाजी यजमानास व मुलांस, आणि तिच्या वाट्यास कालचा भात, असे झाले तर घराचा आहार पालटला असे म्हणता येणार नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या शेकडा ५७ स्त्रियांच्या रक्तात लोहकणांची उणीव आढळली. म्हणून दोघांनी एकाच वेळी, एकाच भांड्यातून वाढून घेऊन जेवावे. सासूबाई काही दिवस कुरकुर करतील. त्यांसही त्याच पंगतीस बसवावे.

व्यायामाविषयी खेड्यातील माणूस म्हणतो, ‘‘आम्ही शेतात राबतो, आम्हांस व्यायाम कशाला?’’ जो खरोखर राबतो त्याचे म्हणणे पुष्कळ अंशी बरोबर आहे. लंडन शहरात डॉ. जेरी मॉरिस ह्यांनी बसगाड्यांच्या नोकरांची पाहणी करून १९५३ साली दाखविले की, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्यांपेक्षा दुमजली गाडीत सतत जिना चढउतार करणाऱ्या वाहकांस हृदयरोग कमी होतो. दोघेही एकाच गाडीवरचे नोकर. मोठा भेद हा की एक बसे व दुसरा चाले. परंतु आता नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, शेतावर जावयास मोटारसायकल आली, आणि दळण गिरणीत जाऊ लागले. गिरणी आली हे फार चांगले झाले. जुन्या काळाची थोरवी गाणारे बहुधा पुरुष असतात. पहाटे उठून जाते ओढणे त्यांच्या वाट्यास आलेले नसते. तेव्हा बायकांनी पुन्हा जात्यावर बसावे असे आम्ही म्हणत नाही. सुटलेल्या श्रमाची भरपाई दोघांनी चालून करावी, एवढेच म्हणणे आहे.

किती चालावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे, म्हणजे रोज अर्धा तास धरला तरी पुरे. चाल अशी असावी की बोलता येईल पण गाता येणार नाही. चेन्नई येथील डॉ. रामचंद्रन ह्यांच्या पाहणीत, जी २००६ साली प्रसिद्ध झाली, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचे गट केले होते. ज्यांस नेहमीसारखाच सल्ला दिला त्यांपैकी तीन वर्षांत शेकडा ५५ जणांस मधुमेह झाला. ज्यांस चालणे व आहार नियमाने सांभाळण्यास शिकविले त्यांपैकी शेकडा ३९ जणांस. सर्वच वाचले असे नाही, हे प्रामाणिकपणे सांगावे. तरी ज्या देशात २०२१ साली मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर होती, तेथे हा भेद थोडा नव्हे.

कित्येक स्त्रिया म्हणतील, ‘‘अहो, ह्या वयात आपण दोघे रस्त्याने फिरावयास निघालो तर लोक हसतील!’’ हसतील खरे, परंतु आठवडाभर. मग दुसरे एखादे जोडपे मागून येऊ लागेल. ज्यांस फारच संकोच वाटतो त्यांनी पहाटे मळ्याच्या वाटेने जावे, किंवा बाजारास एक थांबा पायी जावे.

ज्यांस मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र हे सर्व डॉक्टरांस आधी सांगावे. आहार घटला व चालणे वाढले म्हणजे औषधाचे पूर्वीचे प्रमाण जास्त होऊन साखर एकदम उतरू शकते. हातपाय कापणे, घाम सुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी तात्काळ साखरेचे पाणी द्यावे. ह्यासाठी चालावयास निघताना खिशात किंवा कनवटीस साखरेची पुडी असावी. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. अनवाणी चालू नये, आणि रात्री निजण्यापूर्वी दिव्याजवळ बसून एकमेकांचे तळपाय पाहावेत; कारण मधुमेह्याच्या पायास काटा लागला तरी पुष्कळदा त्यास स्वतःला कळत नाही.