आगगाडीचे मुके मित्र

आगगाडी दृष्टीस पडली असतां ज्याचीं पावलें क्षणभर थबकत नाहींत असा मुलगा विरळाच. रुळांच्या दोन समांतर रेषा, सिग्नलचा खालीं-वर होणारा हात, डब्यांवरील गूढ अक्षरें आणि रात्रीं दुरून ऐकूं येणारी शिटी यांनीं लहानांस जसें वेड लावलें आहे तसेंच मोठ्यांसहि. असे आगगाडीचे प्रेमी जगांत सर्वत्र असून पुष्कळ ठिकाणीं त्यांनीं आपापलीं मंडळें स्थापिलीं आहेत. परंतु अशा मंडळांत एक चमत्कारिक गोष्ट वारंवार आढळते. सभासदांची यादी लांबलचक असते. बोलणारे, लिहिणारे आणि कामास हात लावणारे मात्र तेच ते चार-पांच असतात. बाकीचे येतात, ऐकतात, मनांतल्या मनांत आनंद मानतात आणि मुकाट्यानें घरीं जातात. त्यांचें प्रेम खोटें असतें असें नव्हे. तें मुकें असतें, इतकेंच. अशा प्रेमास वाचा फुटली असतां काय घडूं शकतें, हें आज एका खऱ्या उदाहरणावरून पाहावयाचें आहे.

ब्रिटनच्या पश्चिम भागीं वेल्स नांवाचा डोंगराळ देश आहे. तेथील एका डोंगरांत पाटीच्या दगडाची खाण होती. या दगडाच्या पातळ फरश्या तिकडे घरांवर कौलांप्रमाणें घालीत असत. हा माल डोंगरांतून समुद्रकांठच्या टाउइन गांवीं आणावा व तेथें मोठ्या रेल्वेच्या स्वाधीन करावा, या हेतूनें १८६५ सालीं टॅलिलिन रेल्वे हा सुमारें सात मैलांचा लहानसा मार्ग अस्तित्वांत आला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघें २ फूट ३ इंच होतें. आपल्या इकडील रुंदमापी मार्गावर हेंच अंतर ५ फूट ६ इंच असतें. यावरून तो मार्ग किती चिमुकला होता याची कल्पना येईल.

१९११ सालीं हेन्री हेडन जोन्स या गृहस्थांनीं खाण व रेल्वे विकत घेतली. १९४६ च्या अखेरीस खाणींत दगड कोसळला व ती बंद पडली. रेल्वेच्या मिळकतीचें मुख्य कारणच नाहींसें झालें. तरीहि, आपण जिवंत असेपर्यंत गाडी चालेल, असें वचन त्यांनीं दिलें होतें व तें पाळलें. १ जानेवारी १९४८ रोजीं ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे सरकारच्या ताब्यांत गेल्या, पण ही रेल्वे त्या यादींतून वगळली गेली. जुलै १९५० मध्यें जोन्स वारले. त्या वेळीं रूळ गवतांत बुडाले होते, त्यांखालील लांकडी स्लीपर कुजले होते आणि दोन इंजिनांपैकीं १८६६ सालचें 'डॉल्गॉख' हें एकच काय तें कसेंबसें चालत होतें. आतां मार्ग मोडीत निघणार, अशीं सर्व चिन्हें दिसूं लागलीं.

या रेल्वेवर प्रेम करणारे लोक तेव्हां नव्हते काय? होते, परंतु प्रत्येकाची हळहळ ज्याच्या त्याच्या मनांत होती. ती एकत्र आणण्याचें काम एल. टी. सी. रोल्ट या लेखक-अभियंत्यानें व त्याच्या मित्रांनीं केलें. ११ ऑक्टोबर १९५० रोजीं बर्मिंगहॅम शहरांत एक सभा भरली व तीस सुमारें सत्तर माणसें जमलीं. सत्तर माणसें म्हणजे आपल्या शाळेचे दोन वर्ग! परंतु त्या सभेंतून एक मंडळ निघालें, जोन्स यांच्या वारसांनीं त्यास संमति दिली आणि १४ मे १९५१ रोजीं त्या मार्गाच्या पहिल्या टप्प्यावर मंडळाची गाडी धांवली. हौशी लोकांनीं स्वखुषीच्या श्रमांवर सार्वजनिक रेल्वे वांचवून चालविल्याचें हें जगांतील पहिलें उदाहरण होय.

हें कार्य कसें तडीस गेलें याचा शोध घेतल्यास मुक्या सभासदांच्या तीन नेहमींच्या सबबींस तीन उत्तरें मिळतात.

पहिली सबब अशी, "मला यांतील फारसें कळत नाहीं, मी काय करणार?" रेल्वे म्हटली कीं इंजिन चालविणें एवढेंच काम आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु टॅलिलिनला प्रथम हवे होते ते गवत कापणारे, चर खणणारे, स्लीपर उचलणारे, तिकिटें देणारे आणि डबे रंगविणारे हात. डब्ल्यू. ऑड्री हे व्यवसायानें धर्मोपदेशक होते, रेल्वेचे नोकर नव्हते. 'थॉमस' नांवाच्या इंजिनाच्या गोष्टी तुमच्यापैकीं पुष्कळांस ठाऊक असतील. त्या गोष्टींचे हेच जनक. १९५२ सालीं ते या मार्गावर गार्डाचें काम करण्यास गेले. तेथील अनुभवांवर आधारलेलें त्यांचें पुस्तक १९५५ सालीं प्रसिद्ध झालें. ठाऊक नसलेलें काम करतां करतां ठाऊक होतें. दुरून पाहणाऱ्यास तें कधींच ठाऊक होत नाहीं.

दुसरी सबब, "माझी माहिती क्षुल्लक आहे, ती सांगून कोणास काय उपयोग?" टॅलिलिनचें २ फूट ३ इंच हें माप फारच दुर्मिळ. सामान्य माणसास हा आंकडा निरुपयोगीच वाटेल. परंतु जवळच्याच कॉरिस रेल्वेचें मापहि नेमकें तेवढेंच होतें. ती रेल्वे १९४८ सालीं बंद झाली व तिचीं दोन इंजिनें पडून राहिलीं होतीं. १९५१ सालीं मंडळानें तीं विकत घेतलीं आणि इंजिनांची ओढ पुष्कळ हलकी केली. त्यांपैकीं एक इंजिन चालवून पाहतां तें वरचेवर घसरूं लागलें. त्याच्या चाकांच्या धांवा अरुंद होत्या, आणि रुळांमधील अंतर ठरल्या मापाहून किंचित् अधिक होतें; त्यामुळें चाकें रुळांच्या मध्यें पडत. बोट-अर्ध्या बोटाच्या फरकानें गाडी चालते किंवा घसरते. मग माहितीचा कोणता कण क्षुल्लक, हें आधीं कोणीं ठरवावें?

तिसरी सबब सर्वांत गोड, "दुसरे कोणी तरी करतीलच." दुसऱ्या कॉरिस इंजिनाची मोठी दुरुस्ती करावयाची होती, आणि मंडळाची थैली तर रिकामी. लीड्स येथील हन्स्लेट या इंजिनांच्या कारखान्याचे अध्यक्ष जॉन अलकॉक हे मंडळाचे एक सभासद होते. ते गप्प बसते तर कोणींहि त्यांस दोष दिला नसता. परंतु त्यांनीं तें इंजिन आपल्या कारखान्यांत मोफत दुरुस्त करवून दिलें. प्रत्येकापाशीं कारखाना नसतो हें खरें. पण दुसऱ्यापाशीं नाहीं असें कांहीं तरी प्रत्येकापाशीं असतें. तें त्यानें पुढें केलें नाहीं तर दुसरा तें कोठून आणणार?

परिणाम काय झाला? तो मार्ग आजहि चालू आहे. १९७६ सालीं प्रवाशांसाठीं तो आणखी पुढें नेण्यांत आला. २०२१ सालीं युनेस्कोनें वेल्सच्या वायव्य भागांतील पाटीच्या दगडाच्या प्रदेशास जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत या रेल्वेचाहि समावेश आहे. तिचा कित्ता गिरवून ब्रिटनमध्यें अनेक जुने मार्ग हौशी लोकांनीं पुन्हां सुरू केले.

आतां आपल्या घराकडे वळूं. सोलापूर जिल्ह्यांत १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिचें माप २ फूट ६ इंच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्यानें तिचीं इंजिनें व डबे अशा बेतानें आंखले कीं कोणत्याहि आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं नये. म्हणून हलक्या, स्वस्त रुळांवरहि पुष्कळ माल नेतां येई. ही गाडी १९०६ सालीं पंढरपुरास व १९११ सालीं लातुरास पोहोंचली, आणि कितीएक वारकऱ्यांनीं तिच्यांतून विठोबाच्या दर्शनाचा प्रवास केला. आज तो अरुंद मार्ग उरला नाहीं. त्याचें रुंदमापी रूपांतर झालें आहे. त्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं, कारण रेल्वे लोकांच्या सोयीसाठीं असते. परंतु चढावर वाळू कशी टाकीत, यात्रेच्या दिवशीं डब्यांत माणसें कशीं मावत, मुकादम गँगमनांस कोणत्या शब्दांनीं हांक देई, या गोष्टी कोणत्याहि अहवालांत पूर्णपणें सांपडावयाच्या नाहींत. त्या माणसांच्या स्मरणांत आहेत. भारतांत रुंदमापी मार्गांवरील वाफेच्या इंजिनांची नियमित वाहतूक १९९५ सालीं संपली. ज्यांनीं त्या भट्टींत कोळसा टाकला ते फायरमन आज वृद्ध झाले आहेत. रूळ उखडले तर ते पुन्हां घालतां येतात, हें टॅलिलिननें दाखविलें. परंतु न विचारलेली आठवण माणसाबरोबर जाते, आणि ती परत आणणारें मंडळ अद्यापि निघालेलें नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें. तुमच्या आळींत कोणी निवृत्त ड्रायव्हर, पॉइंट्समन किंवा स्टेशनमास्तर असतील तर त्यांच्यापाशीं बसा व त्यांचें काम विचारा. ते वापरीत तेच शब्द वहींत उतरून घ्या. सांगणाऱ्याचें नांव व दिनांक त्याखालीं लिहा. घरांत जुनीं पुठ्ठ्याचीं तिकिटें, वेळापत्रकें किंवा छायाचित्रें असल्यास रद्दींत जाऊं देऊं नका. मात्र माहितीच्या लोभानें रुळांवर किंवा मनाई असलेल्या जागीं पाऊल टाकूं नका. खरा रेल्वेप्रेमी रेल्वेचे नियम सर्वांआधीं पाळतो. आणि जें मिळवाल तें पेटींत बंद न करतां चारचौघांत सांगा.

पालकांस व मंडळांच्या जुन्या सभासदांसहि दोन शब्द. पुष्कळ मुलें गप्प राहतात तीं आळसानें नव्हे, हंशाच्या भीतीनें. "डिझेल आणि विजेचें इंजिन कसें ओळखावें?" असें एखाद्यानें प्रथमच विचारलें असतां जाणत्यांनीं गालांत हंसूं नये. त्या दिवशीं त्यास सरळ उत्तर मिळालें तर तो दुसरा प्रश्न आणील, आणि कालांतरानें इतरांस उत्तरें देऊं लागेल. ज्या मंडळांत पहिल्या प्रश्नास मान नाहीं, त्यांत दुसरा प्रश्न येत नाहीं.

सारांश, गाडी जशी एका रुळावर चालत नाहीं, तशी कोणतीहि संस्था नुसत्या आवडीवर चालत नाहीं. आवडीच्या जोडीस प्रत्येकाचा थोडासा हातभार व चार शब्द लागतात. बर्मिंगहॅमच्या सभेंत जमलेल्या सत्तर माणसांस आपण जगांत नवा पायंडा पाडीत आहों याची कल्पनाहि नसेल. त्यांनीं घरीं गप्प न राहण्याचें ठरविलें, एवढेंच. आपल्या वाचकांपैकीं ज्यांनीं आजवर केवळ ऐकलें, त्यांनीं या सुट्टींत एका वृद्ध रेल्वे कामगाराची एक आठवण लिहून आणली, तरी हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागले असें आम्हीं समजूं.