जुना कॅम्पर घेतलाय? आधी कन्व्हर्टर बघा

अमेरिकेत दोन-तीन उन्हाळे गेले की बहुतेक मराठी घरांत कॅम्परचा विषय निघतो. नवा ट्रेलर खिशाला झेपत नाही, मग वीस-पंचवीस वर्षं जुना बघायला जातात. पत्रा ठीक, छत गळत नाही, गाद्या धुऊन निघतील अशा, आणि विकणारे आजोबा इतके सज्जन की घासाघीस करायची लाज वाटावी. व्यवहार होतो. पहिल्याच मुक्कामी रात्री पोरगी विचारते, "बाबा, लाईट डिम का व्हायलीय?" आणि बाबांकडे उत्तर नसतं.

हे टिपण नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, अहमदपूर इकडून येऊन मिशिगन, टेक्सास आणि इलिनॉयमध्ये स्थिरावलेल्या घरांकडून ऐकलेलं एकत्र करून लिहिलं आहे. कुठला ट्रेलर घ्यावा, कुठे न्यावा यावर त्यांचं एकमत होणं अवघड. एका गोष्टीवर मात्र सगळे ठाम आहेत: गावाकडून आणलेलं विजेचं ज्ञान इथे निम्मं कामाला येतं आणि निम्मं अंगाशी येतं.

कामाला येणारं निम्मं

२००५ मध्ये वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण झालं. त्यानंतरची लोडशेडिंगची वर्षं ज्यांनी मराठवाड्यात काढली, त्यांना बॅटरी म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. घरचा इन्व्हर्टर दोन कामं करतो. लाईट असताना बॅटरी चार्ज करतो, आणि लाईट गेली की बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करून पंखे-ट्यूब चालवतो. कॅम्परमधला कन्व्हर्टर यातलं पहिलंच काम करतो. मुक्कामाच्या जागी खांबावरून १२० व्होल्ट एसी येतात, त्यांचे तो १२ व्होल्ट डीसी करतो. त्यावर दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा आणि फ्रिजचं कंट्रोल बोर्ड चालतं, शिवाय बॅटरी चार्ज होते. खांबाची वायर काढली की मायक्रोवेव्ह, एसी आणि भिंतीतले सॉकेट गप्प. नवे लोक हमखास विचारतात की बॅटरी भरलेली असताना मिक्सर का चालेना. त्यासाठी वेगळा इन्व्हर्टर लागतो, आणि बहुतेक जुन्या कॅम्परमध्ये तो नसतोच.

जुना कन्व्हर्टर ओळखायला सोपा. जड ट्रान्सफॉर्मर, सतत गुणगुण, आणि १९८०-९० च्या दशकातल्या पुष्कळ ट्रेलरमध्ये त्यावर मॅग्नेटेकचं नाव. हे यंत्र मजबूत, पण अडाणी. बॅटरी रिकामी असो की भरलेली, ते साधारण एकाच व्होल्टेजवर रेटत राहतं. त्यामुळे रिकामी बॅटरी भरायला उशीर लागतो, आणि भरलेली महिनाभर तशीच जोडून ठेवली तर तिचं पाणी उडून जातं. काही जुन्यांचा डीसी नीट गाळलेला नसतो. जुने पिवळे बल्ब त्याची तक्रार करत नाहीत, एलईडी मात्र लुकलुकतात आणि फ्रिजचं बोर्ड रुसतं.

मेला आहे का, हे आधी ठरवा

जाणत्या घरांचा सगळ्यात कळकळीचा सल्ला असा: नवा कन्व्हर्टर मागवण्याआधी पंधरा-वीस डॉलरचा मल्टिमीटर घ्या. खांबाची वायर काढून काही तास थांबा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असेल तर १२.६-१२.७ दिसेल, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. मग वायर लावा. कन्व्हर्टर जिवंत असेल तर आकडा १३ च्या वर, बॅटरीच्या स्थितीप्रमाणे १३.२ ते १४.४ च्या दरम्यान जाईल. जागचा हललाच नाही, तर कन्व्हर्टरवर लगेच खापर फोडू नका. त्याचा ब्रेकर पडलेला असू शकतो. बॅटरीजवळ, ट्रेलरच्या पुढच्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेला छोटा ब्रेकर गंजलेला असू शकतो. आणि सगळ्यात जास्त वेळा सापडतात ते उलट्या जोडणीपासून वाचवणारे दोन फ्यूज. फ्यूजबोर्डावर ते बाकीच्यांपासून जरा वेगळे, जोडीने बसलेले असतात, ३० अँपियरचे हिरवे किंवा ४० चे नारिंगी. बॅटरी क्षणभर जरी उलटी लागली तरी हे दोन्ही उडतात आणि कन्व्हर्टर बॅटरीपासून तुटतो. तेवढे बदलले की काम झालं, खर्च पाच-सात डॉलर.

मिशिगनमधल्या एका घरात हेच झालं होतं. विकणाऱ्याने आपुलकीने नवी बॅटरी घालून दिली, ती उलटी. घेणाऱ्याने नवा कन्व्हर्टर मागवला, खोकं आलं, आणि जुना उचकटायच्या आधी शेजारच्या ट्रेलरमधल्या माणसाने ते दोन फ्यूज दाखवले. खोकं परत गेलं.

बॅटरी उलटी लागते कशी, याचं उत्तर पुढच्या भागात आहे, आणि तोच या टिपणाचा गाभा.

काळी वायर

आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थिंग. हे इतकं अंगात भिनलेलं असतं की हात आपोआप काळ्या वायरकडे निर्धास्त जातो. अमेरिकेत काळी वायर फेज आहे. पांढरी न्यूट्रल, हिरवी किंवा उघडी तांब्याची, ती अर्थिंग. इथवर लक्षात ठेवणं फार कठीण नाही. गोंधळ पुढे आहे. त्याच कॅम्परच्या १२ व्होल्टच्या बाजूलाही बऱ्याचदा काळी-पांढरीच जोडी वापरलेली असते. तिथे काळी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह. मोटारीत काळी निगेटिव्ह असते हे ज्याला ठाऊक आहे, तो कॅम्परची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावतो, आणि फट्. अमेरिकन माणूससुद्धा इथे फसतो. आपण तर दोन्हीकडून फसतो.

डॅलसजवळच्या एका लातूरकर घरातला प्रसंग त्या घरच्या वहिनींनीच सांगितला. सासरे सहा महिन्यांसाठी आलेले, आयुष्यभर लाईनमनचं काम केलेले. कॅम्परचे दिवे मंद होतात म्हटल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. त्यांनी एक जुना मोटारीचा बल्ब शोधला, त्याला दोन वायरी बांधून टेस्ट लॅम्प तयार केला आणि बॅटरीला लावला. बल्ब पेटला. "बॅटरीत दम नाही, पण वायर जित्ती आहे," एवढं निदान त्यांनी मीटरशिवाय केलं, आणि ते बरोबर होतं, मीटरवर ११.९ आलं. पण पुढच्याच मिनिटाला ते कन्व्हर्टरचं झाकण काढून आतली काळी वायर चिमटीत धरायला निघाले. वहिनी विष्णुपुरीच्या गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतून इलेक्ट्रिकल झालेल्या. त्या ओरडल्या, "मामा, हात काढा! इथं काळीत करंट असतो." मामा थबकले, आणि म्हणाले, "मग लाल कुठंय?" लाल नव्हतीच. त्या दिवशी मामांनी सगळ्या वायरींना रंगीत टेप गुंडाळली आणि टेपवर मार्करने मराठीत लिहिलं: फेज, न्यूट्रल, अर्थ, बॅटरी अधिक, बॅटरी उणे. तो कॅम्पर पुढे विकला गेला तेव्हा घेणाऱ्याने या देवनागरीबद्दल विचारलं म्हणे.

कन्व्हर्टरला हात लावायच्या आधी रंगावर भरवसा न ठेवता मीटरने खात्री करा, मग टेप लावा, मग फोटो काढा. तिन्ही गोष्टी करा.

अंगाशी येणारी दुसरी विद्याही सांगून टाकतो. गावात न्यूट्रल गेला की अर्थिंगच्या सळईवर बल्ब पेटवायची युक्ती आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलेली असते. कॅम्परच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ कधीही जोडायचे नाहीत. त्यांची गाठ मुक्कामाच्या जागेच्या वीजपुरवठ्यात असते, ट्रेलरमध्ये नाही. ती इथे मारली आणि वाटेत कुठे न्यूट्रल तुटला, तर ट्रेलरचा सगळा पत्रा जिवंत होतो. ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराच्या कडीला हात लावणाऱ्याला तो दणका बसतो.

कुठला घ्यावा

जुन्यावर लिहिलेले अँपियर बघा. ४५ चा असेल तर ४५ किंवा ५५ चा घ्या. ८० चा घेऊन फुशारकी मारू नका, आतली वायर तेवढी जाड नसते. गेजचा आकडा इथे उलटा चालतो: आकडा लहान, तशी वायर जाड. ८ गेज म्हणजे आपल्या हिशोबात साधारण साडेआठ चौरस मिलिमीटर, ६ गेज साधारण सव्वातेरा. यंत्रासोबत येणाऱ्या पत्रकात कुठली हवी ते लिहिलेलं असतं, ते पाळा.

नवे कन्व्हर्टर टप्प्याटप्प्याने चार्ज करतात. मिशिगनमधल्या मार्शलच्या प्रोग्रेसिव्ह डायनॅमिक्सचे बरेच घरांत आहेत. ते रिकाम्या बॅटरीला १४.४ व्होल्ट देतात, मग १३.६, आणि ट्रेलर नुसता उभा असेल तर १३.२ वर येतात. इंडियानातल्या एल्खार्टच्या आसपास, जिथे या देशातले बहुतेक ट्रेलर बनतात, तिथली डब्ल्यूएफको ही दुसरी नेहमीची कंपनी. तिचं ८९५५ सारखं पॅनेल तुमच्याकडे असेल तर अख्खं पॅनेल काढायची गरज नाही, खालचा चार्जरचा भाग तेवढा बदलता येतो आणि फ्यूजबोर्ड-ब्रेकर जागच्या जागी राहतात. मॅग्नेटेकच्या जमान्यातल्या ट्रेलरमध्ये मात्र काम वाढतं. त्यांतल्या काहींत दिव्यांचा पॉझिटिव्ह आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह वेगवेगळे निघतात, मधे रिले असतो. नव्यात मार्ग एकच, म्हणून दोन्ही एकत्र आणावे लागतात. हे वाचूनच डोकं गरगरलं असेल तर तेवढ्यापुरता माणूस बोलवा, त्यात कमीपणा नाही.

लिथियम बॅटरी घालायचा विचार पुढेमागे असेल तर लिथियमला चालणाराच कन्व्हर्टर आत्ता घ्या. मिशिगनवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं: लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. साध्या लेड-ॲसिडचं उलटं आहे. ती भरलेली असेल तर थंडी सोसते, उतरलेली राहिली तर आतलं पाणी गोठून डबा फुटतो. नांदेडच्या ४३ अंशांत वाढलेल्या माणसाला बॅटरी गोठते हे पहिल्या हिवाळ्यापर्यंत पटत नाही.

प्रत्यक्ष काम

खांबाची वायर उपसून काढा. नुसता ब्रेकर पाडून भागत नाही. जनरेटर बंद. छतावर सोलर असेल तर तेही तोडा, हे लोक विसरतात. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा, मग पॉझिटिव्ह, आणि दोन्ही टोकांना टेप. मीटर लावून एसी आणि डीसी दोन्ही बाजूंना शून्य बघा. मग जुना बाहेर ओढा. मागे धूळ आणि बहुधा उंदराचं घरटं सापडेल. ते साफ करा आणि उंदराने कुरतडलेली वायर आहे का तेही बघा. नव्याचे स्क्रू नीट आवळा. सैल स्क्रू तापतो, आणि जळालेल्या कन्व्हर्टरच्या पुष्कळ कहाण्या सैल स्क्रूपाशी येऊन थांबतात. कन्व्हर्टरच्या डब्यापासून चेसिसपर्यंतची तांब्याची वायर जोडायला चुकू नका. पंख्याला हवा लागते, म्हणून समोर चपला-पिशव्या कोंबू नका, आणि पातळ ॲसिडच्या बॅटरीशेजारी, तिच्या वायूत, त्याला बसवू नका.

जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. शेवटच्या जोडणीला एक छोटी ठिणगी उडते, ती चालते. मोठी उडाली तर थांबा आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पुन्हा बघा.

घरी आणि मुक्कामी

३० अँपियरचा टीटी-३० प्लग हा १२० व्होल्टचा असतो. दिसायला तो कपडे वाळवण्याच्या मशिनच्या सॉकेटचा भाऊ वाटतो, आणि घराबाहेर नवा पॉइंट काढायला बोलावलेले काही इलेक्ट्रिशियनसुद्धा त्यात २४० सोडतात. "आपल्याकडे २३० असतंच की" असा विचार इथे करू नका. नवा कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह आणि फ्रिज तीन सेकंदांत जातील. पॉइंट नवा असो की मुक्कामाच्या जागेचा, प्लग लावायच्या आधी मीटर लावा. घरच्या साध्या १५ अँपियर सॉकेटला छोटा अडॅप्टर लावून कन्व्हर्टर खुशाल चालतो, बॅटरी चार्ज होते; त्याच सॉकेटवर एसी लावायचा हट्ट करू नका.

लुडिंग्टनसारख्या स्टेट पार्कात विजेच्या जागा असतात. नॅशनल पार्कातल्या बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये खांबच नसतो. तिथे कन्व्हर्टर कितीही भारी असला तरी सगळी भिस्त बॅटरीवर, आणि जनरेटर लावायला वेळेची बंधनं. साधी एक बॅटरी गावाकडच्या इन्व्हर्टरच्या दीडशे अँपियर-अवरच्या ट्यूब्युलर बॅटरीच्या निम्म्याच ताकदीची असते आणि तीही निम्मीच वापरायची, म्हणून जुने पिवळे बल्ब काढून एलईडी घाला. एक जुना बल्ब दीड अँपियरच्या आसपास खातो. पाण्याची काटकसर मात्र लातूरकरांना सांगावी लागत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांची ट्रेलरची टाकी शेजाऱ्यांपेक्षा दोन दिवस जास्त पुरते.

बॅटरीचं पाणी म्हणून डिस्टिल्ड वॉटरच घाला, किराणा दुकानात गॅलनने मिळतं. आणि जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका. नवी घेताना दुकान तिच्यापोटी कोअर डिपॉझिट कापतं, जुनी नेऊन दिली की ते परत मिळतं. पावती जपून ठेवा. मॅग्नेटेकचा जड ट्रान्सफॉर्मर भंगारवाला घेतो, आणि इथेही त्याच्याशी घासाघीस चालते.